घर दोन होताना: विभक्त होणाऱ्या कुटुंबाला भावना हाताळायला कसं शिकवावं

घटस्फोटाच्या प्रक्रियेत माणसांना बरंच काही शिकावं लागतं. वकीलपत्र कशाला म्हणतात, पोटगीचा अर्ज कसा करतात, पुढची तारीख कुठे बघायची, मुलाच्या भेटीचा आदेश कसा वाचायचा. हे समजावून सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. पण रविवारी संध्याकाळी सात वाजता बाबा मुलीला सोडायला आलेत, दार आजीने उघडलंय, मुलगी रडतेय आणि सगळे मोठे गप्प उभे आहेत, तेव्हा कोणी काय बोलायचं हे कुणीच शिकवत नाही. मुलीच्या लक्षात मात्र असेच प्रसंग राहतात.

हा लेख ते शिकवू पाहणाऱ्यांसाठी आहे. शाळेतल्या समुपदेशक ताई, संस्थांच्या कार्यकर्त्या, समाजकार्याचे विद्यार्थी, किंवा दोन्ही बाजू ज्यांचं ऐकतात असा घरातलाच एखादा मामा, एखादी आत्या. आई-वडिलांनी वाचून स्वतःपुरतं वापरायलाही हरकत नाही. इथे 'भावनिक कौशल्य' म्हणताना माझ्या मनात चार साध्या गोष्टी आहेत: आपल्याला काय होतंय ते ओळखणं, ते झेपेल इतक्यावर आणणं, समोरच्याला न ओरबाडता सांगणं आणि मुलाचं पुरतं ऐकून घेणं. या चारही गोष्टी सरावाने येतात. उपदेशाने येत नाहीत.

मुलांपासून सुरुवात करू नका

बहुतेक पालक येतात ते 'मुलाला जरा समजवा' म्हणत. तो चिडचिडा झालाय, अभ्यासात लक्ष नाही, उलट बोलतो. माझं मत ठाम आहे: आधी मोठ्यांना शिकवा. यामागे नुसती भावना नाही, अभ्यास आहेत. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ई. मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे तीन दशकं जवळपास 1,400 कुटुंबांचा मागोवा घेतला. आई-वडील विभक्त झालेल्या मुलांपैकी साधारण 25 टक्क्यांना पुढे गंभीर मानसिक किंवा सामाजिक अडचणी आल्या. एकत्र राहिलेल्या घरांतल्या मुलांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. धोका वाढतो हे खरं, आणि चारांतली तीन मुलं सावरतात हेही तितकंच खरं. दोघांपैकी निदान एक पालक स्थिर, मायेचा आणि शिस्तीत सातत्य ठेवणारा असेल आणि भांडणात मुलाला ओढलं जात नसेल, तर मूल सावरण्याची शक्यता वाढते.

दुसरा दाखला याहून उपयोगी आहे. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 9 ते 12 वर्षांची मुलं असलेल्या घटस्फोटित आयांसाठी एक कार्यक्रम आखला. गटात 11 सत्रं आणि दोन वैयक्तिक भेटी. त्यात मुलाचं ऐकणं, त्याच्यासाठी ठरवून वेळ काढणं, शिस्त एकसारखी ठेवणं आणि मुलाला वादापासून लांब ठेवणं, एवढंच शिकवलं. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण कमी आढळलं. काही कुटुंबांत आईबरोबर मुलासाठीही वेगळा वर्ग घेतला होता, पण त्याने फायद्यात विशेष भर पडली नव्हती. म्हणून आपला वेळ आणि माणसं मोजकी असतील तर ती आधी मोठ्यांवर खर्च करा.

त्याआधी: हे शिकवणं सुरक्षित आहे का?

नवरा-बायकोला एकत्र बसवण्यापूर्वी दोघांना वेगवेगळं भेटा. दार लावून, घाई न करता विचारा: घरात कधी हात उचलला गेलाय का? भांडणानंतर घरी जायची भीती वाटते का? पैसे, फोन, बाहेर जाणं यावर दुसऱ्याचा ताबा आहे का? मुलाला घेऊन जाण्याची धमकी दिली गेली आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर एकत्र सत्र घेऊ नका. मार खाणाऱ्या बाईला 'शांतपणे बोलायला' शिकवणं म्हणजे तिच्यावर आणखी एक जबाबदारी लादणं. तिथे 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. त्या कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो, हे अनेक बायकांना ठाऊक नसतं, ते सांगा. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीची मदत हवी असेल तर 112. हे तीन आकडे कागदावर लिहून देऊ नका, तो कागद घरी सापडू शकतो. तिच्याकडून पाठ करून घ्या.

पहिली पायरी: कुटुंबाचा नकाशा

आपल्याकडे घटस्फोट दोन माणसांचा होत नाही. आई माहेरी गेली की मामा-मामीच्या संसारात दोन माणसं वाढतात. बाबा एकटे राहू लागले की आजी गावाहून येऊन राहते. म्हणून पहिल्या भेटीत एक कोरा कागद घ्या, मध्ये मुलाचं नाव लिहा आणि भोवती त्याच्या आठवड्यात येणारी सगळी माणसं लिहून काढा. शाळेत कोण सोडतं, डबा कोण करतं, आजारपणात रात्री कोण जागतं, फोन कुणाच्या हातात असतो, त्याच्यासमोर आई-वडिलांबद्दल कोण बोलतं.

या कागदावरून दोन गोष्टी कळतात: कुणाला शिकवायचं, आणि मुलाचा आधार नेमका कोण. कित्येकदा तो आधार आई-वडिलांपैकी कुणीच नसतो. वाड्यातल्या काकू असतात, रिक्षावाले काका असतात, कबड्डीचे सर असतात. घर, शाळा, गाव बदललं तरी त्या माणसाशी मुलाची गाठ राहील अशी सोय करा.

याच भेटीत दोघांनाही स्वतंत्रपणे विचारा: 'मुलाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?' उत्तरं क्वचितच जुळतात. आई म्हणते, 'त्याला काहीच माहीत नाही.' बाबा म्हणतात, 'बाबा कामासाठी बाहेरगावी आहेत असं सांगितलंय.' मुलाला सहसा दोघांपेक्षा जास्त माहीत असतं, फक्त ते चुलतभावाकडून किंवा बंद दाराआडून कळलेलं असतं.

दुसरी पायरी: मोठ्यांना स्वतःच्या भावनेला नाव द्यायला लावा

'कसं वाटतंय?' या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर एकच: 'राग येतो.' किंवा 'टेन्शन आहे.' या दोन शब्दांवर काम होत नाही, कारण त्यांच्याखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून शब्दांची यादी समोर ठेवा आणि निवडायला सांगा: अपमान, लाज, धास्ती, घालमेल, हुरहुर, पोरकेपणा, हेवा, अपराधीपणा, हिरमुसणं, जिव्हारी लागणं, कानकोंडं होणं, जीव गुदमरणं, सुटल्यासारखं वाटणं. शेवटचा शब्द यादीत असलाच पाहिजे. बऱ्याच जणांना खरोखर सुटका झाल्यासारखं वाटतं आणि त्याचीच टोचणी लागते. तो शब्द यादीत दिसला की माणूस मोकळेपणाने बोलू लागतो.

पुरुषांच्या बाबतीत शरीरापासून सुरुवात केलेली बरी. 'मेसेज आला तेव्हा छातीत काय झालं? जबडा आवळला होता का? पोटात गोळा आला का?' याची उत्तरं ते देतात. तिथून 'मग ती भीती होती की अपमान?' इथपर्यंत पोहोचता येतं. रागाखाली पैशाची भीती आणि 'चार लोकांत मान गेला' ही सल किती वेळा निघते, हे या कामात असलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

आठवडाभराचा गृहपाठ अगदी छोटा द्या. समोरच्याचा फोन किंवा मेसेज आला की तीनच गोष्टी टिपायच्या: भावनेचा एक शब्द, शरीरातली जागा, आणि शून्य ते दहामध्ये तीव्रता. उत्तर काय दिलं ते लिहायचं नाही. पुढच्या भेटीत वही उघडली की सातच्या वर आकडा केव्हा जातो ते दिसतं. सहसा त्या वेळा ठरलेल्या असतात: मुलाला सोडायची वेळ, महिन्याची पहिली तारीख, कोर्टाच्या आदल्या रात्री, सण. पुढचं सगळं शिकवणं या वेळांभोवती बेता.

तिसरी पायरी: आकडा सातच्या खाली आणणं

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांवर केलेल्या अभ्यासातून एक कामाची गोष्ट पुढे आली. वादात नाडी शंभरच्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही आणि ते भरून आलेलं शरीर निवायला निदान 20 मिनिटं लागतात. शिवाय त्या वेळात मनात भांडण चालूच ठेवलं तर 20 मिनिटांचा काही उपयोग नाही.

यावरून नियम बनवा आणि दोघांना सारखाच द्या. आकडा सातच्या वर असेल तर उत्तर नाही. फोन उपडा ठेवायचा, उठायचं, पाणी प्यायचं, जिन्यावरून खाली-वर करायचं, भांडी घासायची. श्वासाचा सराव सत्रातच करून घ्या: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, दहा वेळा. सोडलेला श्वास लांब असला पाहिजे. घरी हा सराव राग नसताना रोज करायला सांगा. नाहीतर ऐन वेळी तो आठवत नाही. रात्री नऊनंतर एकमेकांना मेसेज नाही, हा नियम बहुतेक जोडपी आनंदाने मान्य करतात. रात्री उशिरा लिहिलेला मजकूर पुढे वकिलांच्या फाइलमध्ये जाऊन बसतो, हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

शरीर निवल्यावर विचारांकडे वळा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना परकी नाही. घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला विचार असतो आणि त्या विचारातला 'च' माणसाला पेटवतो, हे तिचं सार. कुटुंबांसोबत ती वापरताना मी एक प्रसंग घेऊन बसते. शाळेचं स्नेहसंमेलन आहे. बाबा अर्धा तास उशिरा आले. आईच्या मनात येतं, 'त्याने वेळेवर यायलाच हवं होतं. त्याला पोराची किंमतच नाही. मला हे सहनच होत नाही.' परिणाम: तिसऱ्या रांगेत चढलेला आवाज, वळून बघणारे पालक, आणि मावळ्याच्या वेशात स्टेजवरून हे पाहणारा मुलगा.

आता तोच प्रसंग तिला पुन्हा लिहायला सांगायचा. 'तो वेळेवर आला असता तर बरं झालं असतं. नाही आला, मला राग आलाय आणि तो येणं साहजिक आहे. तरी आज मी पोराचं नाटक बघू शकते. बोलायचं ते उद्या लिहीन.' राग तसाच आहे, नाहीसा केलेला नाही. फक्त त्याची धार आता झेपेल इतकी आहे. हे वाक्य तुम्ही तिला तयार करून देऊ नका. ती स्वतःच्या शब्दांत म्हणेपर्यंत थांबा.

चौथी पायरी: मुलांना सांगणं, आणि त्याची तालीम

सुरक्षितता असेल तर दोघांनी मिळून, एकाच वेळी, सगळ्या भावंडांना सांगावं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, झोपताना नको, आणि सामान बांधून टॅक्सी दारात उभी असताना तर नकोच. कुणी घर सोडण्याच्या काही दिवस आधी, सुट्टीच्या सकाळी सांगितलं की मुलांना प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

सत्रात याची तालीम घ्या, खुर्च्या मांडून. तुम्ही मूल व्हा. पालकांच्या बोलण्यात एवढं यायला हवं:

'आई आणि बाबांनी वेगळ्या घरात राहायचं ठरवलंय. हा निर्णय आम्ही दोघांनी घेतलाय. तुझ्या वागण्यामुळे, मार्कांमुळे किंवा हट्टामुळे हे झालेलं नाही. तू काही करून हे बदलू शकत नाहीस आणि ते तुझं कामही नाही. तू आईजवळ राहशील, शाळा हीच राहील, बुधवारी आणि शनिवारी बाबा न्यायला येतील. आम्ही दोघं तुझे आई-बाबाच राहणार आहोत. तुला राग आला, रडू आलं, काही विचारावंसं वाटलं तर कधीही विचार.'

जे नक्की ठरलेलं नाही ते ठरल्यासारखं सांगू नये. 'ते अजून ठरायचंय, ठरलं की तुला आधी सांगू' हे वाक्य मुलांना पुरतं. कारणं सांगताना मोह होतो. 'तुझ्या बाबांना विचार का ते' हे वाक्य तालमीत हमखास येतं. ते आलं की थांबा आणि परत म्हणायला लावा.

वयाप्रमाणे फरक पडतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला रोजच्या गोष्टी कळतात: मी कुठे झोपणार, माझी गोधडी कुठे, मला भरवणार कोण. त्याला तेच सांगा आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा सांगा. सहा ते दहा वयात मुलं स्वतःला दोष देतात. 'मी त्या दिवशी मोबाइलसाठी रडलो नसतो तर?' असं एखादा मुलगा महिन्यांनंतर विचारतो. म्हणून 'तुझ्यामुळे नाही' हे एकदा सांगून पुरत नाही. या वयाचे प्रश्न फार व्यवहारी असतात: माझं आडनाव बदलणार का, गणपतीला मी कुठे, शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं. त्यांना हसू नये, टाळू नये. किशोरवयातली मुलं 'मला काही फरक पडत नाही' म्हणतात आणि खोलीत जातात. त्यांच्या मागे जाऊन बोलायला लावू नका. दोन दिवसांनी गाडीवर जाताना किंवा भाजी निवडताना शेजारी बसून विषय काढला तर ती बोलतात.

पाचवी पायरी: मुलाचं ऐकायला शिकवणं

आपल्या घरांत रडणाऱ्या मुलाला दिली जाणारी उत्तरं ठरलेली आहेत. 'रडू नकोस, तू शहाणी आहेस ना?' 'आता तूच घरातला मोठा पुरुष.' 'बघ, आईला किती त्रास होतोय.' ही वाक्यं मायेपोटी येतात, पण त्यातून मूल शिकतं की आपलं दुःख घरात परवडणारं नाही.

त्याऐवजी तीन गोष्टींचा सराव घ्या. मुलाला काय वाटतंय त्याचा अंदाज बोलून दाखवायचा: 'बाबा गेले की तुला रिकामं वाटतं का?' मग थांबायचं, उत्तर येवो न येवो. मग ते वाटणं मान्य करायचं: 'वाटणारच. तुला ते हवे असतात.' इथे आई किंवा वडील अडखळतात, कारण दुसऱ्याची आठवण मान्य करणं म्हणजे आपली हार वाटते. या वाक्याची तालीम तीन-चार वेळा घ्या, डोळ्यांत पाणी आलं तरी. उपाय, समजावणं, खाऊ हे सगळं नंतर.

दारातली अदलाबदल वेगळी शिकवावी लागते. भेटीहून परतलेलं मूल चिडतं, जेवत नाही, भावंडाला मारतं. आईला वाटतं, 'तिकडे काहीतरी भरवलंय.' वडिलांना वाटतं, 'तिकडे जायचं नाही म्हणून रडतोय.' बहुतेकदा मूल फक्त एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरत असतं आणि ते जड जातं. पालकांना सांगा: पहिला अर्धा तास एकही प्रश्न नाही. 'काय खाल्लं, कोण आलं होतं, माझ्याबद्दल काय म्हणाले' यातलं काही नाही. हात-पाय धुणं, ठरलेलं खाणं, ठरलेला खेळ. दोन्ही घरांत ही घडी सारखी ठेवता आली तर उत्तम. मात्र मूल सातत्याने घाबरत असेल, अंगावर खुणा असतील किंवा एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होत असेल, तर हा नियम बाजूला ठेवून तातडीने तज्ज्ञाकडे न्या.

मुलाच्या हातातही एक वाक्य द्या. 'हे तू बाबांनाच विचार ना.' 'मला तुमच्या मधे नाही यायचं.' निरोप्या बनवलेल्या मुलाला हे म्हणायची परवानगी दोन्ही पालकांनी त्याच्यासमोर दिली पाहिजे, नाहीतर ते उद्धटपणा ठरतं. भिंतीवर महालक्ष्मी किंवा कालनिर्णय असतंच. त्यावर दोन रंगांच्या पेनांनी आईचे आणि बाबांचे दिवस मुलाकडूनच रंगवून घ्या. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसलं की लहान मुलांची धास्ती बरीच कमी होते.

थोरल्या मुलीकडे विशेष लक्ष द्या. ती धाकट्याचा डबा करते, आईला धीर देते, वकिलांचे मेसेज वाचून दाखवते आणि सगळे तिचं कौतुक करतात. तिला रात्री कोण विचारतं, हे शोधा. आईसाठी बोलायला दुसरं मोठं माणूस शोधून देणं हा त्यावरचा उपाय, आणि तो तुम्हीच करायचा.

व्हिडिओ कॉलही शिकवायचीच गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं की लहान मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम आणि सहवास मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि मूल ज्या पालकाजवळ राहत नाही त्याला शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं. पाच मिनिटंच असतील तर 'माझी आठवण येते का?' हा प्रश्न नको. मुलाला त्याचं ओझं होतं. चित्र दाखव, गोष्टीचं एक पान वाचू, आज डब्यात काय होतं ते सांग. दुसऱ्या पालकाने फोन लावून द्यावा आणि खोलीबाहेर जावं.

सहावी पायरी: एकमेकांना लिहिणं

नवरा-बायको म्हणून नातं संपलं तरी आई-वडील म्हणून कामकाज चालूच राहतं. त्या कामकाजाची भाषा वेगळी आणि ती लिहून शिकवता येते. त्यांच्या फोनमधला खरा मेसेज घ्या. उदाहरणार्थ:

'तुला नेहमीसारखं स्वतःचंच पडलंय. फी कोण भरणार? मागच्या वर्षीही ऐन वेळी हात वर केलेस. पोरगी विचारते बाबा असे का वागतात, काय सांगू तिला?'

यातली माहिती कोणती आणि जखम कोणती, हे तिलाच खुणा करून वेगळं करू द्या. मग उरतं ते:

'दुसऱ्या सत्राच्या फीची शेवटची तारीख 10 आहे. ठरल्याप्रमाणे निम्मी रक्कम 8 तारखेपर्यंत शाळेच्या खात्यात भर आणि पावती मला पाठव.'

एका मेसेजमध्ये एकच विषय. तारीख, रक्कम, वेळ स्पष्ट. 'नेहमी', 'कधीच', 'तुमच्या घरचे' हे शब्द नाहीत. मुलाच्या तोंडची वाक्यं नाहीत. आणि खोडलेली जखम वाऱ्यावर सोडू नका. 'हे सगळं कुणाला सांगता येईल?' हे विचारा, कारण ते कुठेतरी बोललं गेलंच पाहिजे.

सातवी पायरी: आजी-आजोबा, नातेवाईक, सण

नकाशावरच्या मोठ्या माणसांसाठी निदान एक बैठक ठेवा. आजीला 'तुम्ही चुकता' म्हणून सुरुवात केली तर बैठक तिथेच संपते. 'आजी, तुमच्या लेकाचा संसार मोडला, तुम्हाला वाईट वाटणारच. सुनेचा राग असेल तर तो असू दे. नातवासमोर फक्त तीन वाक्यं टाळूया का?' असं विचारा. ती तीन वाक्यं: 'आई तुला टाकून गेली', 'आता आम्हीच तुझे', आणि मूल हट्ट करताना सहज निघणारं 'अगदी बापावर गेलाय'. (आईचं माहेर असेल तर हे शेवटचं दिवसातून कितीदा तरी निघतं.) मुलाला त्यातून कळतं ते एवढंच की माझ्यातला अर्धा भाग वाईट आहे. हे समजावून सांगितलं की आज्या फार लवकर बदलतात. आई-वडिलांपेक्षा लवकर.

माहेरी परतलेल्या बाईची घुसमट वेगळी असते. भाऊ काही म्हणत नाही, वहिनी काही म्हणत नाही, पण गॅस कोणी कधी लावायचा, मुलाला दूध किती, यावरून ताण साचतो. तिथे भावना बोलण्याआधी कामांची आणि खर्चाची वाटणी स्पष्ट करून घेतलेली बरी. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही याची सोसायटीत कुजबुज होते, तो अपमान छोटा समजू नका. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने पुढे होऊन तिला सोबत नेलं तर दहा सत्रांचं काम होतं.

लग्नकार्यात प्रश्न येणारच. उत्तर पाठ करून जावं: 'आमचं वेगळं व्हायचं ठरलंय. मुलगी बरी आहे. आज त्यावर नको बोलूया.' तीच तीन वाक्यं, दर वेळी. मुलालाही एक द्या: 'ते आईला विचारा.'

सणांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून काढा: गणपती, दिवाळी, भाऊबीज, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस, घराण्यातली मुंज किंवा लग्न. गणपती वडिलांच्या घरी दीड दिवसाचा असेल तर ते दिवस त्यांच्याकडे, दिवाळी आलटून पालटून, असं काहीही चालेल. आदल्या रात्री ठरवणं मात्र टाळा.

आठवी पायरी: न्यायालयाचे दिवस

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब नुसार परस्परसंमतीने घटस्फोटासाठी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांत दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की योग्य परिस्थितीत सहा महिन्यांची ही अट शिथिल करता येते. ती शिथिल झाली नाही तर हे महिने वाया गेले असं न मानता वरच्या सगळ्या पायऱ्या त्या काळात बसवा. कौटुंबिक न्यायालयं 1984 च्या कायद्याने आली आणि तडजोडीचा प्रयत्न करणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. तिथे विवाह समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जाताना दोघांनीही मुलाच्या आठवड्याचा आराखडा लिहून न्यावा. बोलणं आपोआप त्यावर येतं.

मुलाला न्यायाधीशांनी चेंबरमध्ये भेटायला बोलावलं तर घरात पढवणं सुरू होतं. ते थांबवा. पालक आणि पाल्य कायद्यानुसार, विचारपूर्वक पसंती सांगता येईल इतकं मूल मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं, पण निर्णय मुलाच्या हिताचा एकूण विचार करून न्यायालय घेतं. मुलाला एवढंच सांगायचं: 'ते जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. कुणाकडे राहायचं हे तू ठरवायचं नाहीस, ते मोठ्यांचं काम आहे.' त्या दिवशी शाळा बुडाली तर चालेल. कोर्टातून परतल्यावर काय बोललास हे विचारायचं नाही, हे दोन्ही घरांकडून आधीच कबूल करून घ्या.

किती सत्रं, आणि पुढे कुणाकडे

आठवड्याला एक, दीड तासाचं, अशी आठ ते दहा सत्रं साधारण पुरतात. एका सत्रात एकच कौशल्य, आणि निम्मा वेळ तालमीला. आई आणि वडिलांना वेगळ्या गटात बसवलं तर लोक मोकळे बोलतात. नंतरची भेट पहिला मोठा सण होऊन गेल्यावर ठेवा. तेव्हा तीनच प्रश्न विचारा: मुलाला कुणाकडून निरोप पाठवला का? दुसऱ्या घराची आठवण मुलाने मोकळेपणी बोलून दाखवली का? वहीतला आकडा कधी दहावर गेला आणि मग काय केलंत?

काही गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या असतात आणि त्या ओळखणं हेही शिकवणाऱ्याचं काम आहे. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, आठवडे उलटूनही शाळेत जायला तयार नाही, झोप आणि जेवण सुटलंय, स्वतःला इजा करतंय. किंवा आई-वडिलांपैकी कुणी रोज पिऊ लागलंय, 'मी नसलो तर सगळे सुटतील' असं बोलू लागलंय. अशा वेळी पुढच्या सत्राची वाट पाहू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या, शक्य असेल तर सोबत जा. ते जमेपर्यंत केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. क्रमांक नुसता सांगून निघू नका. तुमच्यासमोर बसूनच त्यांना तो लावायला सांगा.